हिरवळीवरून उतरलेले बाबा

१२ नोव्हेंबर १९९५, नेरूळ

पावसाळाभर या वहीकडे फिरकलो नाही, चुकलंच. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना.

ऑफिसातल्या देशमुखांसोबत बाबांना माथेरानच्या जुन्या बागेत नेलं. तिथे बाबांनी तीस वर्षं माळीकाम केलं. सवयीने चपला हातात घेऊन ते हिरवळीवर गेले, तोच नवा माळी ओरडला, "ओ आजोबा, खाली उतरा! पाटी दिसत नाय काय?"

"चुकलं रे बाबा," म्हणत ते उतरले.

"काय आजोबा, दंड भरायचाय?" देशमुख म्हणाले आणि मी हसलो. ती हिरवळ बाबांनी लावलेली, आणि मी हसलो! देशमुखांना मी 'वडील सरकारी नोकरीत होते' एवढंच सांगितलंय. बाबांना ते ठाऊक असेल? म्हणूनच गप्प राहिले? फाटकापर्यंत चपला त्यांच्या हातातच होत्या.

उद्या: देशमुखांना सांगणे, बाबा त्या बागेत माळी होते.