भाड्याची भिंत

अल कुसैस, दुबई
दि. १४ मे २०२२

चि. सौ. रिद्धी हिस,
अनेक आशीर्वाद.

नीरव सुखरूप पोचला आणि माझा जीव भांड्यात पडला. लग्न होऊन सव्वा वर्ष तू कोलंबसला आणि तो आमच्याकडे, सगळा संसार फोनवर! अबू धाबीच्या अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यूला गेला त्या दिवशी त्याने दोन्ही पायांत वेगवेगळे मोजे घातले होते. हे त्याने तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

समोरच्या फ्लॅटमधली रुकय्या विचारत होती, की तुमच्यात सून घरी येते ना, मग मुलगा कसा गेला? मी सांगितलं, आमच्या गावाकडे अशाला घरजावई म्हणतात आणि अमेरिकेत ग्रीन कार्डवाला म्हणतात. ती हसून लोटपोट. हे मात्र हसले नाहीत. सध्याचं कार्ड दोनच वर्षांचं, मग कायमचं, मग नागरिकत्व, असं नीरवने समजावलं तेव्हा म्हणाले, मी बत्तीस वर्षं दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर काढली, यात नवीन ते काय. पण विमानतळावरून परत येताना दोनदा चुकीच्या रस्त्याला वळले.

फोन आहेच, पण फॅमिली ग्रुपवर काही लिहावं तर पुण्यापर्यंत बोभाटा. म्हणून पत्रं लिहू या. तू नाशिकला चौथीपर्यंत शिकलीस, तुझं अक्षर नीरवपेक्षा बरं आहे. आमची टपालपेटी ह्यांच्या ऑफिसातली, त्यामुळे तुझं पत्र हेच घेऊन येतील आणि मी फोडेपर्यंत उगाच पाणी पीत उभे राहतील. त्यांच्यासाठी दोन ओळी वेगळ्या घालत जा.

नीरवला आमटीत गूळ जरा जास्त लागतो. बाकी तो तुझा, तुझ्या पद्धतीने वळव. लोभ आहे, तो दिवसेंदिवस वाढव.

तुझी,
आई

*

कोलंबस, ओहायो
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

यावेळी बाबांसाठी वेगळ्या ओळी नाहीत. हे पत्र आधी तुम्ही एकट्यानेच वाचा.

कार्ड कायमचं करण्याचा इंटरव्ह्यू परवा झाला आणि तो नीट झाला नाही. ऑफिसर तुमच्या वयाच्या, बोलायला चांगल्या होत्या. लग्नाचे फोटो त्यांनी कौतुकाने पाहिले. मग घराचा करार मागितला. तो माझ्या एकटीच्या नावावर, कारण हे घर मी नीरव यायच्या आधी भाड्याने घेतलं होतं. लाइटबिल माझं, गाडी माझी, बँकेतली खाती वेगवेगळी. टॅक्स तेवढा आम्ही एकत्र भरतो. त्यांनी नीरवला विचारलं, अडीच वर्षांत कुठेच नाव का घातलं नाही? तो म्हणाला, गरज पडली नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आणखी पुरावे पाठवायला मुदत दिली आहे. त्यांना लग्न खरं वाटलं नाही तर कार्ड जाईल आणि नीरवला हा देश सोडावा लागेल. दुबईचा व्हिसा कधीच रद्द झालाय. भारतात तो फक्त सुट्टीला राहिलाय. मग जायचं कुठे?

पण आई, माझी झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. घरी आल्यावर पलंगाखालून स्वेटर काढायला गेले, तर मागे त्याची बॅग सापडली. भरलेली. सर्टिफिकेटं, दोन शर्ट, टॉवेल, न फोडलेला टूथब्रश आणि सगळ्यांत वर पासपोर्ट. कुठे निघालास म्हणून विचारलं तर म्हणाला, कुठे नाही, अशीच असते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. लग्नाचा फोटो भिंतीवर लावू या असं मी किती वेळा म्हणाले, दरवेळी तो बघू म्हणतो. फोटो अजून कपाटाला टेकवून उभा आहे.

ऑफिसरबाईंना शंका आली याचा मला राग येत नाही. मलाच आली आहे. तुम्ही त्याला जन्मापासून ओळखता. तो माझ्याकडे राहायला आलाय, की पाहुणा म्हणून आलाय? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

तुमचीच,
रिद्धी

*

अल कुसैस
दि. ११ डिसेंबर २०२४

चि. सौ. रिद्धीस,
अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग डोळे भरले. अगं, ती बॅग आमच्याकडेही आहे! बेडरूमच्या कपाटावर, निळी. सर्टिफिकेटं, कपड्यांचे दोन जोड आणि वर पासपोर्ट. टूथब्रशसुद्धा! हे दर दिवाळीला ती खाली काढून झटकतात आणि परत भरतात. मी कितीदा वैतागले, की देवांपेक्षा या बॅगेची पूजा जास्त होते.

तू आमच्याकडे लग्नानंतर आठच दिवस राहिलीस, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. आमच्या घरात एकाही भिंतीला खिळा नाही. ह्यांचा नियमच आहे, भाड्याची भिंत कोरी घेतली तशी कोरी परत करायची. जड फर्निचर घ्यायचं नाही, जाताना कुठे नेणार? करार, लाइट, पाणी, गाडी सगळं ह्यांच्या नावावर, आणि मी नि नीरव ह्यांच्या व्हिसावर. इथे वाढलेल्या मुलाला कशावर आपलं नाव घालायची सवय कुठून असणार? लहानपणी क्रिकेटचं पोस्टर लावायचा त्याने हट्ट धरला, तर ह्यांनी ते कपाटाच्या दाराला आतून लावून दिलं. दार उघडलं की दिसायचं.

आणि एक गोष्ट त्याने तुला सांगितली नसेल. तिसरीत असताना रेयांश नावाचा त्याचा जिवलग मित्र खालच्याच मजल्यावर राहायचा. त्याच्या वडिलांची नोकरी गेली आणि पंधरवड्यात घर खलास. शाळेतून हे दोघं एकत्र आले, तर दारात सामानाचे खोके. नीरवने मला तेव्हा विचारलं होतं, की आपल्याला कधी जायला सांगणार? मी म्हटलं, आपल्याला नाही सांगणार. त्याचा विश्वास बसला नाही, आणि खरं तर माझाही नव्हता.

तो तुझ्याकडे राहायलाच आलाय गं. आपल्याला राहू देतील, एवढंच त्याला अजून खरं वाटत नाही. तू त्याच्यावर रुसू नकोस आणि बॅगही रिकामी करू नकोस, ती त्यालाच करू दे. हे पत्र मात्र त्याला वाचायला दे. आईने गुपित फोडलं म्हणून चिडला तर चिडू दे.

ह्यांना मी इंटरव्ह्यूचं सांगितलं, बॅगेचं नाही. रात्री जेवताना म्हणाले, त्या ऑफिसरला माझा फोन नंबर द्या, मी बोलतो. काय बोलणार कोण जाणे.

माझा जीव तुम्हा दोघांत आहे. लोभ कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
आई

*

कोलंबस
दि. २ मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

कार्ड आलं! दहा वर्षांचं! काल फोनवर तुम्ही आणि रुकय्यामावशी इतक्या ओरडत होतात, की पुढचं काही सांगताच आलं नाही.

तुमचं पत्र मी त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि दुकानात निघून गेले. परत आले तेव्हा तो पलंगाखालून बॅग ओढत होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच घरमालकाच्या ऑफिसात जाऊन करारावर नाव घालून आला, मग आम्ही बँकेत एकत्र खातं उघडलं आणि सगळे कागद पाठवून दिले. मग हातोडी आणली. आई, तो घरमालकाला विचारायला दोनदा खाली गेला! दुसऱ्यांदा मालकाने त्याला सांगितलं, की बाबा रे, घर तुझंही आहे, ठोक की. फोटो लावलाय. तोच, ज्यात तुम्ही आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये उभ्या आहात. रिकाम्या बॅगेत मी गोधड्या ठेवल्या आहेत.

आता नागरिकत्वाचा अर्जही करता येईल. नीरवला हवं आहे, पण एका गोष्टीला तो घाबरतो. अमेरिकेची शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. बाबांना हे कोणी सांगायचं? बत्तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तोच जपला. बाबांना वाईट वाटणार असेल तर ग्रीन कार्डवरच राहीन, असं तो म्हणतो. मी त्याला अडवत नाही, पण मला ते बरोबर वाटत नाही. तुम्हीच बघा कसं ते.

मायेची सावली अशीच राहू द्या.

तुमची,
रिद्धी

*

अल कुसैस
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रिद्धीस,
अनेक आशीर्वाद.

शपथविधीचा मोठा फोटो पोचला. ह्यांनी ऑफिसातून आणला तो नळकांडं छातीशी धरून. तुम्ही दोघं हसताय आणि नीरवच्या हातात तो एवढासा झेंडा. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले.

आज खरं सांगते. मार्चमध्ये मी ह्यांना पासपोर्टचं सांगितलं. तुम्हाला फोनवर खुशाल अर्ज करा म्हणाले, पण घरात दोन दिवस अर्धं ताट टाकून उठत होते. तिसऱ्या दिवशी निळी बॅग खाली काढली. त्यात ह्यांचे जुने पासपोर्ट रबर लावून ठेवलेत. एकेकातले व्हिसाचे शिक्के बघत बसले. मग म्हणाले, उर्मिला, इतके शिक्के मिळाले, पण राहा असं कोणी म्हणालं नाही. नीरवला म्हणतायत ना, मग राहू दे त्याला. मग रडले. मीही रडले.

काल तुमचा फोटो घरी आला आणि हे हातोडी मागू लागले. आपल्या घरात हातोडी कुठली? रुकय्याकडून आणली. पहिला खिळा वाकला, दुसऱ्याने भिंतीचा पोपडा काढला, तिसरा बसला. हॉलमध्ये, दारातून आल्याआल्या दिसेल असा. मार्चमध्ये हे रिटायर होतायत, व्हिसा संपेल, आम्ही पुण्याला जाऊ. मी म्हटलं, आता चार महिन्यांसाठी कशाला, किल्ली देताना भोकं बुजवावी लागतील. तर म्हणाले, नाही बुजवणार. पुढच्या भाडेकरूला कळू दे की इथे कोणीतरी राहत होतं.

रिद्धी, लग्नानंतर पहिल्यांदा मला या घरात घरी असल्यासारखं वाटलं.

लोभ तुझ्याकडे उदंड आहे, तो आमच्यासाठीही राखून ठेव.

तुझी,
आई

ता. क. फोटो जरा डावीकडे कललाय. मी सरळ करायला गेले तर ओरडले, की नीरव येऊन करेल. तेव्हा सुट्टी काढा. मार्चपर्यंत आम्ही इथेच आहोत.