द्वारकाबाईंची उभी न्हाणी

सांगवी, ता. बारामती
४ फेब्रुवारी १९५७

ती. दादास कौसल्येचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, सासूबाई तेवढ्या सोडून. दिवाळीच्या सुमारास गोठ्यात घसरून त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते, ते जुळले. काठी टेकत अंगणभर फिरतात. पण गुडघा दुमडत नाही, त्यामुळे न्हाणीतल्या दगडावर बसता येत नाही. मी अंघोळ घालायला गेले की तोंड फिरवतात. मी काय तान्हे लेकरू आहे का, म्हणतात. ओल्या फडक्याने अंग पुसतात आणि दिवसभर माझ्यावर चिडतात.

कालव्याच्या साहेबांच्या बंगल्यात उभ्याने अंघोळ करायची खोली पाहिल्याचे तू सांगितले होतेस. तशी आपल्याकडे होईल का? शाळेत पोरांना सुतारकाम शिकवतोस, बहिणीलाही शिकव. वहिनींना नमस्कार.

तुझी वाट पाहणारी
कौसल्या

इंदापूर
९ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. कौसल्येस महिपतीचे अनेक आशीर्वाद.

परीक्षेची तयारी चालू आहे, म्हणून मला निघता येत नाही. बाभळीचे चार खांब हातभर खोल पुरा. वर, खाली, मध्ये आडव्या पट्ट्या ठोका. माथ्यावर पाण्याचा डबा, त्याला तोटी, तोटीखाली भोके पाडलेली वाटी. आत कमरेइतक्या उंचीवर धरायला दांडा. तीन बाजूंना गोणपाट चालेल, पण दार फळ्यांचे करा आणि कडी आतून लावा. ती विसरू नका.

आमच्या दाजींना, सोपानरावांना, खिळा सरळ ठोकता येतो का, ते आधी पाहून घे.

तुझा दादा महिपती

सांगवी
२० फेब्रुवारी १९५७

ती. दादास सा. न. वि. वि.

चौकट उभी राहिली, पण वाकडी. दार एका कोपऱ्यात घासते, दुसऱ्या कोपऱ्यात वीतभर फट राहते. मामंजी म्हणाले, उभ्याने जनावरे धुतात. पण बाभूळ त्यांनीच तोडून दिली. सासूबाई दोन दिवस ओट्यावरून गुपचूप बघत होत्या. तिसऱ्या दिवशी फट पाहिली आणि उठून घरात गेल्या. तुझे दाजी हातोडी टाकून उसात निघून गेले. सासूबाईंचा तो चेहरा मला बघवला नाही. काय करू ते उलट टपाली कळव.

तुझी कौसल्या

इंदापूर
२४ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. कौसल्येस आशीर्वाद.

मोडू नका. दाराच्या बाजूला या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुतळी धर, मग दुसरी तिरकी. दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत. जी लांब भरेल तिच्या वरच्या टोकाला खांब आत ढकला आणि तिरकी पट्टी मारा. चूक माझी, हे आधीच लिहायला हवे होते. सोपानरावांना बोलू नकोस.

महिपती

सांगवी
५ मार्च १९५७

महिपती मास्तरांस द्वारकाबाईचा आशीर्वाद.

पत्र कौसल्या लिहिती, बोल माझं हायेत. सुतळीचं एक टोक मी धरलं, एक तिनं. चार बोटांचा फरक निघाला. सोपाननं खांब ढकलला, पट्टी मारली, दार बसलं.

काल सकाळी कौसल्येनं डबा भरला आन लांब जाऊन उभी ऱ्हायली. मी आत जाऊन कडी लावली. पानी डोक्यावरनं पाठीवर आलं तवा रडू आलं, पन पान्यात कुनाला कळतंय. दोन डबं संपवलं. मालक भाईरनं इचारत व्हते, हायेस का गेलीस वाहून. आज तेच पंचा घेऊन माझ्या आधी आत शिरले.

आता खरं सांगते. आपलं अंग दुसऱ्याच्या हाती द्यायची मला लाज वाटायची, आन ती लाज मी पोरीवर काढली. लई टोचून बोलले. तिनं एकदा उलटून उत्तर दिलं न्हाय. हे लिहायला ती नगं म्हनती, थांबून बसलीय. मी म्हनलं, लिही. तोंडावर सांगायला मला जमंना, म्हनून तर तुमाला पत्र.

सुट्टीत बायकोला घेऊन या. आमाला जीव लावलाय तसाच लावत ऱ्हावा.

द्वारकाबाई