पूल शाबूत होता

वेस्ट हॅझन, व्हरमाँट
१२ एप्रिल १९५६

ती. ऑरिन यास धाकट्या थर्झाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोटाचं वाचून वाईट वाटलं, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज चार तळलेले डोनट चापणाऱ्याचं दुसरं काय होणार? सूनबाईला सांग, डबा उंच फळीवर ठेव.

इकडे गावाला पुलाचं वेड लागलंय. सरकारने खालच्या अंगाला सिमेंटचा पूल बांधला आणि आपला छपराचा लाकडी पूल पाडायचा नाही असं ठरलं. ठीकच झालं. पण आता त्याला तांबडा रंग फासलाय! आपल्या जन्मात त्या फळ्यांना कधी रंग लागला नव्हता. आत घोड्यांच्या मुताचा नि पारव्यांच्या घाणीचा वास यायचा, तो घालवायला कसलंसं औषध मारलंय. उन्हाळी पाहुणे येतात, फोटो काढतात, मेपलच्या साखरेचे इवले इवले पूल चोखत हिंडतात. मला बाई किळस येते.

पूल समितीची अध्यक्ष मिसेस प्रुइट, कनेटिकटहून येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. पुलाचा इतिहास लिहायचं तिने माझ्या गळ्यात घातलं. त्यातल्या चार ओळी पितळी पाटीवर कोरणार आहेत. निम्मं लिहून झालं. १८७१ साली अब्नर स्कील्स सुताराने पूल बांधला. छप्पर घातलं ते तुळया कुजू नयेत म्हणून. घोडी बुजू नयेत म्हणून, असं ही मंडळी पाहुण्यांना सांगतात ते साफ खोटं. मग सत्त्याण्णव सालचा पूर. बाबांनी दगडांनी भरलेल्या गाड्या पुलावर उभ्या केल्या, त्या वजनाने पूल जागचा हलला नाही. पाटीवर बाबांचं नाव येणार! मी तेव्हा नऊ वर्षांची, टेकडीवर मावशीकडे होते. तू एकोणीस वर्षांचा, बाबांबरोबर. तर सगळं सविस्तर लिही. पलीकडच्या काठावरच्या बातिस्त गान्योंचंही लिही. पूल मोडायला आला म्हणून त्यांना अलीकडे येता आलं नाही आणि त्यांची बायको नि दोन मुलगे बुडाले, ते नि धाकटी डेल्फीन तेवढे वाचले, एवढंच बाबा सांगायचे.

तब्येतीला जप. माया आहे ती उणावू देऊ नकोस.

तुझी,
थर्झा

*

डेटन, ओहायो
२४ एप्रिल १९५६

चि. थर्झा हीस अनेक आशीर्वाद.

डोनट बंद झाले, तुझ्या कृपेने. आता सकाळी नुसती ओटची पेज. तिला भिंतीच्या चुन्याची चव असते.

गाड्या सहा होत्या. दगड खाणीतले. बैल सोडून नेले आणि गाड्या तशाच ठेवल्या. याहून जास्त काही आठवत नाही. तू स्कील्सच्या सुतारकामावर लिही, लाकडी खुंट्या, सांधे वगैरे, लोकांना ते आवडतं. पुराचं फार उकरू नकोस. बाबांचं नावही पाटीवर नसलं तरी चालेल. गुडघा दुखतोय, जास्त लिहवत नाही.

आहे तसा लोभ राहो.

ऑरिन

*

वेस्ट हॅझन
३ मे १९५६

ती. ऑरिन यास सा. न. वि. वि.

गुडघ्याने कोण पत्र लिहितं?

माझी चेष्टा नको करूस. बाबा जेवताना पुराची गोष्ट काढायचे तेव्हा तू ताट टाकून उठायचास, ते मला आठवतं. मला वाटायचं तुला कंटाळा येतो.

परवा स्कील्सच्या नातीने माळ्यावरून आजोबांची वही काढून दिली. पुराच्या दिवशी त्याने लिहिलंय, दुपारी बारा वाजता पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, गाड्यांच्या कडेने माणसाला जायला वाट आहे, एक खुंटी हललेली नाही, पूल शाबूत. आणि गान्योंचं घर वाहून गेलं तीन वाजता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग मधल्या तीन तासांत ते पाचजण चालत अलीकडे का आले नाहीत? आले असतील तर त्यांना कुणी परतवलं?

मी अडुसष्ट वर्षांची आहे, ऑरिन. मला सांभाळून घ्यायचं वय कधीच सरलं.

उत्तराची वाट पाहते.

थर्झा

*

डेटन
२० मे १९५६

चि. थर्झा हीस आशीर्वाद.

मी परतवलं.

साडेबारा झाले असतील. बातिस्त, त्याची बायको ओदील, दोन मुलगे आणि खांद्यावर पाच वर्षांची डेल्फीन, असे पलीकडच्या टोकाशी येऊन उभे राहिले. चिखलाने माखलेले. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, अलीकडे येऊन जाणार कुठे, पहिलं घर आपलंच, तुझ्या आईने कालच जमीन घासून काढलीय, ते सगळं लेंढार आठवडाभर माझ्या घरात नको. जा, सांग जाऊन की पूल वाहून चाललाय.

मी धावत गेलो आणि सांगितलं. हात हलवून ओरडलो, माघारी फिरा, पूल जातोय. बातिस्तने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, पोरा, देव तुझं भलं करो, आम्ही सगळे मेलो असतो. मग ते घराकडे वळले.

तो आणि डेल्फीन सफरचंदाच्या झाडावर सापडले. बाकीचे तिघे दोन दिवसांनी, खाली गिरणीपाशी.

दर नाताळला त्यांच्याकडून डुकराच्या मांसाची कचोरीसारखी भरलेली मोठी रोटी यायची, आठवते? शेजारधर्म म्हणून नव्हे. मी त्यांना वेळेवर सावध केलं म्हणून. बाबा दोनदा वाढून घ्यायचे. मीही खाल्ली. तूही खाल्लीस.

ओहायोला मी नोकरीसाठी आलो नव्हतो.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

ऑरिन

*

वेस्ट हॅझन
२ जून १९५६

ऑरिन, वि. वि.

पत्र वाचलं आणि मागच्या दारी जाऊन ओकले. दिवाणखान्यातला बाबांचा फोटो चौकटीसकट चुलीत घातला. जमीन घासली होती म्हणून! त्याच जमिनीवर मी रांगले.

तुझं पत्र घेऊन समितीकडे गेले. मिसेस प्रुइट म्हणाली, फारच दुःखद, पण पाटीवर जागा चारच ओळींची आणि वाचणारे मुलाबाळांना घेऊन आलेले असतात. दुसरी एक म्हणाली, गेलेल्या माणसांना आता काय फरक पडतो? आणि बशीतला केक पुढे केला. मी माझे कागद उचलून बाहेर आले. बाबांच्या नावाची पाटी सोळा तारखेला लागणार आहे. मी जाणार नाही.

मग डेल्फीनकडे गेले. माझे पडदे शिवते ती. चाळीस वर्षं मी तिच्या दारात उभी राहून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तुझं पत्र पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवलं. तिने एकच वाक्य पुन्हा वाचायला लावलं, जमिनीचं. मग चुलीवरचं सूप उतरवलं, दार उघडलं आणि तुझा पत्ता मागितला. मी लिहून दिला. ती मला जा म्हणाली नाही; दार धरून उभी राहिली.

तुझा राग करते म्हणू, तर रागात निदान ऊब असते. मला तुझी, बाबांची, माझ्या स्वतःच्या जिभेची किळस येते. तू इकडे येऊ नकोस. निदान यंदा नको.

थर्झा

*

वेस्ट हॅझन
१८ जून १९५६

श्री. ऑरिन कोलबर्न यांस,

नमस्कार. मला लिहायची सवय नाही, चुका असतील.

पाटी लागली. मी गेले होते. टाळ्या झाल्या.

माझे वडील सत्तावीस वर्षांपूर्वी वारले. नाताळची रोटी ते स्वतः लाटायचे, मला लाटू द्यायचे नाहीत. तुमच्या ओसरीवर ती मी नेऊन द्यायची. मरताना ते म्हणाले, डेल्फीन, पुलावरच्या त्या पोराला विसरू नकोस, त्याच्यामुळे तू आहेस. मी वचन दिलं. तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये माझ्या आईचं नाव घेते, मग दोन भावांचं, मग वडिलांचं, आणि शेवटी तुमचं. न्यूमोनिया झाला तेव्हाही अंथरुणातून घेतलं.

या जूनपासून मी तुमचं नाव घेत नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून कळवते. तुमच्यासाठी प्रार्थना करणारं दुसरं कुणी असेल, तर त्याला सांगून ठेवा.

डेल्फीन गान्यों