व्हरांड्यातली झोळी

प्रिय ताई,

आज आपल्या सुकवारोला, त्या गुणी पोरीला, मी शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? तुझ्या जागी आता मी मुख्याध्यापिका, पोरींची मोठी बहिनजी आहे, पण मला काही सुचत नाही गं!

आठवतं, ती पहिल्यांदा आली तेव्हा कडेवर भाऊ होता? आई-बाप दोघंही भनपुरीच्या गोदामात मजुरीला. मी दारातच अडवत होते. तू म्हणालीस, "काहून अडवून राहिली तिले? पोट्टी शिकाले आली, मंग तिच्या भावानं का रस्त्यावर राहाव?" दुसऱ्या दिवशी तुझ्या जुन्या सुती पातळाची झोळी व्हरांड्यात टांगलेली! मग अशा किती मुली आल्या. आळीपाळीनं झोका द्यायच्या आणि शिकायच्या.

तेव्हा कारभार भोपाळचा. एवढ्या लांबून आपली झोळी कोणाला दिसणार होती? मग छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं नि तू गोल बाजारातून पेढे आणलेस. आता ऑफिस गावातच, आपलं ऐकतील म्हणालीस. हौसेनं शिक्षण खात्याच्या साहेबांना शाळा बघायला तूच बोलावलंस. काय गरज होती, ताई? त्यांनी चहा घेतला, कौतुक केलं. पुढे तू देवाघरी गेलीस आणि मागून आदेश आला: सगळ्या शाळा एकसारख्या चालतील, पटावर नाव नसलेलं मूल आवारात नको.

मी ऑफिसात जाऊन हातापाया पडले. एवढं तरी शाळेवर सोडा म्हटलं. साहेब म्हणाले, एकीला सूट दिली की सगळ्या मागतील. मागू देत ना! प्रत्येक शाळेच्या दारात काय वेगळी लेकरं नसतात?

शेवटी काल झोळी सोडली. आज सुकवारोला म्हटलं, भावाला घरी ठेवून ये. घरी कोणी नसतं, हे मला ठाऊक होतं. ती रडली नाही. "हव, बहिनजी," म्हणाली, आणि पिशवीतली शाळेची पुस्तकं काढून माझ्या हातात दिली.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझं पातळ मांडीवर घेऊन बसलेय. तू असतीस तर काय केलं असतंस? पहिल्यांदा झोळी बांधलीस तेव्हा कुठे कोणाला विचारलं होतंस?

उद्या शाळा भरायच्या आत झोळी बांधते आणि पुस्तकं घेऊन तिच्या घरी जाते. नोकरी गेली तर गेली. ती परत येईल की नाही, देव जाणे. पण झोळी आता मी सोडणार नाही, तुला शब्द देते.

तुझ्याच वर्गात शिकलेली,
तुझी धाकटी