बंद कारखान्याचं वळण

१ डिसेंबर २०२५, सोमवार

आज जयपूरला रुजू झालो. सकाळी सामान उतरवलं, दुपारी ऑफिसात कागद दिले, संध्याकाळी घर लावलं. रेल्वेला माल पुरवणारे कारखाने विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात आहेत. तिथे जाऊन माल तपासणं हे माझं काम. घर मुरलीपुऱ्यात मिळालं, म्हणजे गाडीनं फार लांब नाही.

घर छान आहे. व्हरांड्यात ऊन येतं. वरच्या मजल्यावर घरमालकीण जयंतीजी एकट्याच राहतात. त्याच औद्योगिक भागात, कपड्यांच्या एका कारखान्यात बायकांना शिवणकाम शिकवतात आणि स्कूटरनं जा-ये करतात. त्यांनी बाजरीची भाकरी आणि गूळ आणून दिला. माझं हिंदी ऐकून हसल्या. म्हणाल्या, भाईसाहब, तुम्ही बोलता ते कळतं, पण लढाई चालल्यासारखं वाटतं. बऱ्याच दिवसांनी मलाही हसू आलं.

गौतमीला फोन केला. ती म्हणते, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान रोज चार ओळी लिहा. म्हणून लिहितो आहे.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. शेजारी सुलोचनाचा फोटो ठेवला आहे.

काल सीकर रोडवर एक मोटरसायकलवाला घसरून पडला होता. मी गाडी थांबवली. ऑफिसातला देवराम रोज माझ्याबरोबर येतो, तो नको नको म्हणत होता. माणसाला मागच्या सीटवर घेऊन हॉस्पिटलात पोचवलं. पाय मोडला आहे, जिवाला धोका नाही.

बाहेर पडल्यावर देवराम सुरू झाला. साहब, उद्या हाच म्हणेल की तुम्हीच ठोकलं. पोलीस बोलावतील, कोर्ट बोलावेल. आणि सीटवरचं रक्त काही मी पुसणार नाही. मी म्हटलं, आता कायदा आहे, मदत करणाऱ्याला नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. तो म्हणाला, कायदा दिल्लीत असतो, चौकीत हवालदार असतो. एवढं बोलला आणि सीट त्यानंच पुसली.

संध्याकाळी घरी आल्यावर देवरामनं तेच पुन्हा सुरू केलं, ते जयंतीजींनी जिन्यावरून ऐकलं. देवरामला म्हणाल्या, तुम्ही पडाल ना एक दिवस, तेव्हा आम्ही सगळे कायदा वाचत उभे राहू. मला म्हणाल्या, वर केलेला हात दिसला की थांबायचं, मग तो भुताचा का असेना. मी म्हटलं, आम्ही भूत मानत नाही. मग तर तुम्हाला सोपंच आहे, म्हणाल्या.

देवराम गेल्यावर मी त्यांना सुलोचनाचं सांगितलं. इथे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात भुसावळबाहेर हायवेवर तिच्या स्कूटरला धक्का लागला. ती कडेला पडून हात वर करत होती, असं टपरीवाल्यानं नंतर सांगितलं. गाड्या जात राहिल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. तेव्हापासून मी ठरवलं आहे, रस्त्यात कुणीही पडलेलं दिसलं तरी थांबायचं. तिच्यासाठी आता करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी धुकं होतं. औद्योगिक भागात शिरल्यावर एका बंद कारखान्याच्या भिंतीला धरून वळण आहे. तिथे कडेला स्कूटर आडवी पडलेली दिसली. शेजारी एक बाई, शालीत, तोंड पलीकडे. एक हात वर.

गाडी थांबवून उतरलो. बाई नव्हती, स्कूटरही नव्हती. रस्ता कोरडा होता.

देवरामनं काहीच पाहिलं नव्हतं. पण तो म्हणाला, साहब, तुम्ही खाली वाकून कुणाशी तरी बोलत होता. मला बोलल्याचं आठवत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज परत. तेच वळण, तोच हात. मी उतरलो आणि मागून ट्रक आला. ड्रायव्हरनं कसाबसा वळवला. गाडीचा बाजूचा आरसा उडाला. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, त्याचं बरोबरच होतं. धुक्यात भर रस्त्यात गाडी उभी करून मी रिकाम्या कडेकडे बघत होतो.

देवराम उद्यापासून बसनं जाणार आहे. म्हणाला, साहब, राग मानू नका, घरी माणसं आहेत.

जयंतीजींनी गाडीला बांधायला लिंबू-मिरची आणली. मी हात जोडून परत केली. आमच्या घरात हे चालत नाही, सुलोचनाला तर मुळीच चाललं नसतं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. वाया कशाला घालवू, म्हणाल्या आणि स्वतःच्या स्कूटरला बांधली.

२० डिसेंबर, शनिवार

गौतमीला सगळं सांगितलं. ती रडली, मग चिडली. म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून तुमची झोप नीट नाही, त्यात धुकं. मन जे शोधतं ते डोळ्यांना दिसतं, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. त्या वळणावर थांबलात तर एक दिवस तुम्हालाच कुणीतरी उडवेल. मला दुसरा बाप नाही.

तिचं म्हणणं पटलं. जे नाही त्याला घाबरायचं नाही आणि त्याच्यासाठी थांबायचंही नाही. त्या वळणावर थांबणार नाही, असं तिला वचन दिलं. सुट्टी घ्या म्हणाली. पण नवीन जागा आहे, इतक्यात सुट्टी मागणं बरं दिसत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

दिसली. थांबलो नाही. पुढे गेलो, काही झालं नाही.

दिवसभर हलकं वाटलं. कारखान्यातला चहासुद्धा गोड लागला. गौतमीला कळवलं, तीही खूश झाली. आधीच असं करायला हवं होतं.

२४ डिसेंबर, बुधवार

धुकं दाट. स्कूटर, शाल, हात. मी समोर बघत राहिलो. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं नाही.

एकच गोष्ट. आज स्कूटरचं मागचं चाक फिरत होतं. आधी कधी फिरत नव्हतं. ते लक्षात आलं तेव्हा मी बराच पुढे गेलो होतो. वाटलं, मन नवीन काहीतरी जोडतं आहे.

संध्याकाळी अंगणात माणसं होती. जयंतीजी. सकाळी, कामावर जाताना. त्या वळणावर –

पुढचं लिहवत नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

देवराम आला होता. मी त्याला कालचं सगळं सांगितलं. म्हणाला, साहब, ती खरी होती हे तुम्हाला कसं कळणार? आणि मी तरी कुठे थांबलो असतो? त्यानं हे मायेनं म्हटलं. मला ते ऐकवत नव्हतं.

गौतमीला सांगितलेलं नाही. ती म्हणेल, माझ्यामुळे झालं. तिच्यामुळे नाही. गाडी मी चालवत होतो.

२७ डिसेंबर, शनिवार

जयंतीजींच्या भावाचा मुलगा निलय आला होता. वरचं घर बंद करून किल्ली घेऊन गेला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, बुआ बराच वेळ हात वर करत होत्या. बऱ्याच गाड्या गेल्या, एक पांढरी, महाराष्ट्राच्या नंबरची. हे सांगताना तो फाटकापाशी उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघत होता. मी चहा दिला. तो प्यायला. कप विसळून ठेवला आणि गेला.

मी त्याला खरं सांगायला हवं होतं.

२९ डिसेंबर, सोमवार

दुपारी अंगणात स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज. तो आवाज मी रोज ऐकत होतो, चुकणार नाही. स्कूटर पोलिसांकडे आहे. बाहेर जाऊन बघितलं. फरशी रिकामी. लिंबाचा वास.

मन जे शोधतं ते कानांना ऐकू येतं. तीन वेळा मोठ्यानं म्हटलं.

३० डिसेंबर, मंगळवार

वळणावर गाडी थांबवली. उतरलो. कुणी नाही. हाका मारल्या. सुलोचनाला, मग जयंतीजींना. धुक्यात माझाच आवाज.

आता तिथे कुणी हात वर करत नाही. माझ्यासाठी तरी नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

फाटकाबाहेर कुणीतरी आहे. पडद्याच्या फटीतून दिसतं. शाल. उभी आहे, पडलेली नाही. हात वर नाही. दोन्ही हात खाली सोडून घराकडे बघते आहे.

भरदुपार. ऊन आहे. मुलं पतंग उडवताहेत. त्यांना दिसत नाही –

२ जानेवारी, शुक्रवार

जिन्यावर. वरून खाली येतात पावलं, माझ्या दारापाशी थांबतात. वर कुलूप आहे. किल्ली निलयकडे.

दार वाजवत नाही. नुसती थांबते. मी थांबलो नाही, आणि ती –

३ जानेवारी, शनिवार

बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसलो. पंचशील म्हणायला घेतलं, मधे विसरलो. कधीच विसरलो नव्हतो.

निलयला फोन लावला. सगळं सांगितलं. ती पांढरी गाडी माझी. तो म्हणाला, अंकल, आता मला का सांगता? बुआला सांगा.

फोन ठेवला. दाराबाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. ऐकत होतं.

५ जानेवारी, सोमवार

सकाळ. वळणावर आहे. भिंतीलगत गाडी उभी केली आहे, दिवे चालू. धुक्यात बोनेटपलीकडचं दिसत नाही. गौतमीचा फोन वाजतो आहे. घेतला नाही.

कुणीही पडलं तर उतरायचं. खरं की खोटं हे बघत बसायचं नाही. म्हणून आलो. निघालो तेव्हा जिन्यावर पावलं नव्हती. फाटकापाशीही कुणी नव्हतं. बरं वाटलं. मग गाडीत बसताना मागचं दार लागल्याचा आवाज –

मी लावलं नव्हतं. मागे वळून बघितलेलं नाही.

एकटाच आहे. पुढची काच स्वच्छ आहे, माझ्या बाजूची खाली करून बसलो आहे. आरशातून दिसतं, मागची काच धुरकटली आहे. आतून. आधी थोडी होती, आता वाढते आहे, कमी होते आहे, वाढते आहे –

फडकं घेतलं आहे. पुसतो –