हारासकट चाचणी

आई,

तुझ्या मुलाने जहाज बुडवणारं क्षेपणास्त्र केलं. एकट्याने नाही, बऱ्याच जणांनी मिळून. पण त्याचे पंख उघडणारी बिजागरी माझी. आता ती गोष्ट पेपरात छापून आली आहे, म्हणून तोंड उघडतो. तू होतीस तेव्हा मला बोलायची मनाई होती. परभणीकडच्या पालममध्ये वाढलेला माणूस समुद्राच्या भानगडीत पडलाच कसा, असं तू नक्की विचारलं असतंस.

मनाईचा त्रास मला कमी आणि तुलाच जास्त झाला. सुट्टीत घरी आलो की भाकरी थापता थापता तू सुरू व्हायचीस. "बायामाणसं इचारायलेत, पोरगं काय करायलंय? म्या काय सांगू? सरकारी काम म्हणलं की हसायलेत. परवा तर सोयरिकीला आलेला पोरीचा बाप चहा टाकून उठला." मी म्हणायचो, "सांगता येत नाही, आई." "चोरी करायलास का काय तिकडं?" म्हणत तू भाकरी अशी टाकायचीस की तवा हलायचा.

तो पोरीचा बाप उठून गेला त्याच वर्षी आमची पहिली चाचणी फसली होती. क्षेपणास्त्र लहान, जवळच्या पल्ल्याचं. नळीतून सुटलं की त्याने घडी केलेले चार पंख उघडायचे आणि लाटांना शिवेल न शिवेल असं पाण्यावरून जायचं. एक पंख अर्धाच उघडला आणि ते कलंडून समुद्रात गेलं. चौकशी समितीने माझ्या बिजागरीवर बोट ठेवलं. यांच्याच्यानं होणार नाही, बाहेरदेशातून तयार माल घेऊ, अशी भाषा सुरू झाली. मला असा संताप आला म्हणून सांगू! प्रयोगशाळेत ती बिजागरी एकदाही अडली नव्हती. मग चाचणीच्या दिवशी निराळं काय घडलं होतं?

मी हट्ट धरला, की त्या दिवशी जे जे केलं ते सगळं पुन्हा करायचं, अगदी पूजेसकट. लोक हसले. आपल्याकडे बोअर मारायचा तरी आधी नारळ फुटतो, आणि शास्त्रज्ञ काही आभाळातून पडलेले नसतात. आमच्या प्रमुख साहेबांनी स्वतः क्षेपणास्त्राला झेंडूचा हार घातला होता, आणि ते नळीत भरायची घाई झाल्यावर कुणीतरी तो ओढून काढला होता. आम्ही तसाच हार घातला, नारळ फोडला, हार ओढला आणि पंख सोडले. तीन उघडले. चौथा अर्ध्यावर थांबला. वाकून बघतो तर बिजागरीत हाराचा तुटका दोरा! मी चक्क टाळी वाजवली. साहेब म्हणाले, "इथून पुढे हार ते आणणाऱ्या गाडीला घाला."

आणि पुढची चाचणी, काय सांगू तुला! पडद्यावर बघतोय, चारही पंख खाडकन उघडलेत, ते पाण्याला धरून सरळ चाललंय, आणि बघता बघता निशाणाला ठेवलेल्या जुन्या जहाजाच्या कुशीत शिरलं. आम्ही बाप्ये माणसं लहान पोरांसारखी नाचलो. बाहेरच्या मालाची भाषा तिथेच बंद झाली. आम्ही जिंकलो, आई.

लगेच रजा टाकून निघालो. नामांतराच्या आंदोलनाने एसटी बंद होत्या, परभणीतच अडकलो. दुसऱ्या दिवशी सुटलेल्या पहिल्या गाडीने पालमला पोचलो. दारातच तू म्हणालीस, "लय खूष दिसायलास रे." मी म्हणालो, "काम झालं." तू पदराला हात पुसलेस, दुकानातून पेढे आणलेस आणि मला मागे घेऊन गल्लीत घरोघर निघालीस.

शेजारच्या मावशींनी विचारलं, "कशाचे ओ पेढे? सोयरीक जमली का?"

"माज्या लेकाचं काम झालं."

"कोणतं काम?"

"ते मला ठावं न्हाई. तुमी खावा की!"

इतक्या ताठ मानेने चालताना मी तुला कधीच पाहिलं नव्हतं. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, पण क्षेपणास्त्रापेक्षा तुझ्यामुळे जास्त.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. फक्त एक कबूल करतो. त्या दिवशी मी मनाई मोडायची असं ठरवूनच आलो होतो. तू एकदा जरी विचारलं असतंस, तरी सगळं सांगून टाकलं असतं. नेमकं त्याच दिवशी तू विचारलं नाहीस.