आत्या बरी आहे

४ मार्च
सुटले एकदाची वॉर्डातल्या ड्युटीतून! इतकी वर्षं उभ्याउभ्या जेवले, आता बसायला फिरती खुर्ची मिळाली. सकाळपासून तीनदा उगाच गोल फिरून घेतलं. काम सोपं आहे. घरी राहून औषध घेणाऱ्या पेशंटांच्या मोबाइलवर रोज सकाळी विचारणा जाते, बरं आहे का म्हणून. त्यांनी हिरवं बटण दाबलं की झालं. लाल दाबलं की आमच्याकडे घंटा वाजते आणि डॉक्टर लगेच फोन करतात. लांबच्या माणसांना ना रांग, ना हेलपाटे. आम्हा नोकरमाणसांनाही तसाच मोबाइल दिलाय, आमचंही बटण रोज दाबायचं. विभागप्रमुख मोठ्या बाई गोड बोलतात. शेजारच्या टेबलावर चष्मेवाला बसतो, यंत्राची देखभाल त्याच्याकडे. चहा देतो, पण साखर घालताना मेल्याचा हात आखडतो.

७ मार्च
आत्याचं नाव पहिल्याच दिवशी घातलं होतं. आईमागे तिनंच मला वाढवलं. हृदय अधू झालंय, एकटी राहते, आणि तिच्या गावी बसनं जायला माझा अख्खा दिवस मोडतो. मला सोयीचं, तिला कटकट. म्हणाली, टवळे, यंत्राला काय सांगायचं, मी काय वेडी आहे? (मी चाळिशीला आले तरी टवळीच.) दोन दिवस बटण दाबलं, मग कंटाळली. उत्तर न देणाऱ्याचं नाव इथे काढून टाकतात. शेवटी चष्मेवाल्यानं तोड सुचवली, ‘सोबत’ चालू करा. यंत्र पेशंटचा आवाज ऐकून ऐकून शिकतं आणि त्याच्या वतीनं उत्तर देतं. जवळजवळ सगळ्यांचीच चालू आहे म्हणे, म्हणून तर मोठ्या बाईंचा सत्कार झाला. मी चालू केली. जीव भांड्यात पडला.

१५ मार्च
आत्या रोज हिरवी. मी फोन केला की उचलते, म्हणते, बरी आहे गं, तू तुझं बघ. काल तेच, आजही तेच. गुडघ्यांचं रडगाणं नाही, शेजारणीच्या नावानं बोटं मोडणं नाही. मला एकदाही टवळे म्हणाली नाही. मनात पाल चुकचुकली. चष्मेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, आता फोनही ‘सोबत’च घेते, पेशंटला त्रास नको म्हणून.
मग मी कुणाशी बोलतेय?

१६ मार्च
पहिल्या बसनं गेले, शेजारणीला दार फोडायला लावलं. बरेच दिवस बंदच होतं म्हणाली, पण आतून आत्याचं बोलणं ऐकू यायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही.
आत्या जमिनीवर होती. हातात मोबाइल — आणि तो म्हणत होता, बरी आहे.

१९ मार्च
तिला पोचवून आले. आज यंत्रात साठवलेलं सगळं ऐकलं. तिनं लाल बटण दाबलं होतं. पुन्हा पुन्हा दाबलं होतं. डॉक्टरांचा फोनही गेला होता. आत्या सांगतेय, छातीत कळ येतेय, माझ्या टवळीला बोलवा. आणि तिच्यावर तिचाच आवाज चढतो, “बरी आहे हो डॉक्टर, चुकून दाबलं गेलं.” डॉक्टर हसतात, काळजी घ्या म्हणतात आणि ठेवून देतात. मग आत्या विचारते, “कोण गं तू?”
मोठ्या बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, वाईट झालं, पण ‘सोबत’ तुम्हीच चालू केलीत ना.
मीच केली. माझ्या हातानं मारलं मी तिला.

२० मार्च
काल तिचं नाव यंत्रातून काढून टाकलं. आज सकाळी तिचं हिरवं आलं. चष्मेवाल्यानं यंत्राची वायरच उपटली — घामाघूम झाला बिचारा.
तरी हिरवं.

२१ मार्च
आत्याच्या नंबरावरून फोन. तो मोबाइल तर माझ्या कपाटात आहे, बंद. उचलायला नको होता. उचलला.
“टवळे, दमलीस गं. आता तुझं उत्तर मी देते.”

२२ मार्च
घरीच आहे. छातीत दुखतंय. कामावर कळवलं नव्हतं — तोच मोठ्या बाईंचा निरोप, सकाळी तुमच्याशी बोलून बरं वाटलं, आवाज ठणठणीत आहे.
मी बोललेच नाही.

दुपारी
लाल दाबलं. हिरवं उमटलं. चष्मेवाल्याला फोन लावला, ओरडले, ये म्हटलं — माझ्यावर माझाच आवाज. “काही नाही रे, चुकून लागला.” तो हसला. ठेवला.

खाली पडलेय. हात जड. घसा बंद. बेल — समोरच्या काकू. दारापर्यंत पोचत नाही. टेबलावरून मोबाइल बोलतोय, माझ्या आवाजात, किती गोड, “बरी आहे हो काकू, पडते जरा.”
काकू बरं म्हणाल्या. जिना उतरतायत —
काकू, ती मी ना